पाठीतली सुई

लाँचच्या धक्क्यावर तिकिटाची एकच खिडकी होती आणि त्या खिडकीत वर्षानुवर्षं एकच बाई बसायची. तिला सगळे खिडकीताई म्हणत. सकाळी पलीकडच्या काठावरच्या कारखान्यात जाणारी माणसं, दुपारी शाळेतून परतणारी पोरं, पिशव्या सावरत येणाऱ्या बायका, सगळ्यांशी तिची ओळख. कोणाचा मुलगा नापास झालाय, कोणाच्या सासूने अबोला धरलाय, तिला सगळं ठाऊक. पण त्या सगळ्यांना ती कितीशी ठाऊक होती? हसरा चेहरा, चपळ हात आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. उरलेली बाई लाकडी फळकुटाच्या आड. ती सगळ्यांच्या आधी यायची आणि शेवटची लाँच सुटून धक्का रिकामा झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायची नाही. कोणी थांबून वाट बघायला लागलं तर म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, माझी आवराआवर आहे."

आवरायचं काही नसायचं. तिला आपली पाठ कोणाला दाखवायची नव्हती, एवढंच.

तिचा कणा नागमोडी होता. वर उजवीकडे झुकलेला, खाली कमरेशी डावीकडे. उजव्या बाजूच्या बरगड्या मागून वर आलेल्या, डावा खांदा उतरलेला. तिची आई शिवणकाम करायची. ती लेकीच्या प्रत्येक कपड्याला डाव्या खांद्यात आतून कापसाची गादी घालायची, उजव्या कमरेला चुण्या टाकायची, म्हणजे समोरून बघणाऱ्याला वाटावं की बाई सरळ आहे. समोरून ती सरळच दिसायची.

लाँचवरच्या मिस्त्रीने तिला मागणी घातली तीसुद्धा खिडकीतूनच. ती म्हणाली, "आधी मागच्या दाराने आत या आणि मी उभी राहते ती बघा. मग बोला." तो आला. तिने पाठ फिरवली, सदऱ्यावरूनच, आणि डोळे घट्ट मिटून उभी राहिली. मागून आवाज आला, "आमच्या लाँचचं बूड याहून वाकडं आहे. अजून बुडाली नाही." तिला हसू आलं आणि रडूही आलं. लग्न झालं. संसार सुखाचा होता. मूल मात्र होत नव्हतं, आणि दोघांनी हळूहळू तो विषय काढणं सोडून दिलं होतं.

मग सदतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले.

पहिला दिवस आनंदात गेला. मिस्त्री इंजिनघरात एकटाच गाणं म्हणत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरची एक ओळखीची बाई खिडकीशी टेकून म्हणाली, "आता काही त्रास नाही हो ताई. पूर्वीसारखं नाही राहिलं. पाठीत एक सुई देतात, की कमरेखालचं काही कळतच नाही."

खिडकीताईचे हात तिथल्या तिथे थिजले. मागे रांग खोळंबली, लाँचचा भोंगा वाजला, तरी तिला तिकीट फाडून देता येईना.

पाठीतली सुई तिला माहीत होती. ती सात वर्षांची असताना तिला ताप भरला होता, मान लाकडासारखी ताठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आली आहे का बघायला पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. तिला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी दाबले, हनुवटी छातीला लावली आणि मुटकुळं करून धरून ठेवलं. धरणाऱ्यांत तिची आईही होती. सुई हाडावर लागली. पुन्हा घातली, पुन्हा हाडावर लागली. आपल्या आत काहीतरी खरवडल्याचा आवाज तिला ऐकू आला होता, किंवा आला असं तिला कायम वाटत राहिलं. ती किंचाळत होती आणि आई तिच्या कानात म्हणत होती, "झालं हं, झालं, झालं," आणि होत काही नव्हतं.

पाणी स्वच्छ निघालं. ताप उतरला. पुढे अकराव्या वर्षी आई तिच्या झग्याचं माप घेत होती आणि झग्याची एक बाजू वर राहायला लागली. आईने टेप दोनदा लावून बघितली. मग पोरीला भिंतीशी उभं केलं आणि तिथेच मटकन खाली बसली. शेजारची मावशी आली, पाठीवरून हात फिरवला आणि बोलून गेली, "पाठीतलं पाणी काढलंत ना तेव्हा. तिथेच कणा नासला बघ."

त्या दिवसापासून घरात ही गोष्ट कोणी पुन्हा बोललं नाही आणि कोणी विसरलंही नाही. सुईने आपली पाठ वाकडी केली, हे खिडकीताईला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि आता पुन्हा तीच सुई. एकदा गेली तर वाकडी झाले, दुसऱ्यांदा गेली तर पाय तरी राहतील का? ती रात्री मिस्त्रीच्या पायाला पाय लावून झोपायची आणि मधूनच आपली बोटं हलवून बघायची.

दवाखान्यात ती वेळेवर जायची, वजन द्यायची, पोटावर सोनोग्राफी करून घ्यायची. पाठ तपासायची म्हटलं की काहीतरी निमित्त काढून उठायची. आठव्या महिन्यात प्रसूतीच्या डॉक्टर म्हणाल्या, "मूल पायाळू आहे. फिरेल असं वाटत नाही. तुमच्या कमरेचा आकार बघता मी वाट बघणार नाही. ऑपरेशन करू."

"मग मला पूर्ण झोपवा," खिडकीताई लगेच म्हणाली. "काही कळू नये असं करा. पण पाठीत सुई नको."

"ते भूलतज्ज्ञ ठरवतील. मंगळवारी या, त्यांना भेटा."

मंगळवारी ती गेलीच नाही. खिडकीत बसून राहिली. पुढच्या मंगळवारी मिस्त्रीने लाँचवरून रजा घेतली, सासूबाईंना नाही की कोणाला नाही, थेट तिच्या आईला घेऊन आला आणि म्हणाला, "तुम्हीच न्या हिला. माझं ऐकत नाही." बिचाऱ्याला काय माहीत, की त्या विषयात त्या दोघींपैकी जास्त घाबरलेली कोण होती.

भूलतज्ज्ञ बाई होत्या. पन्नाशीच्या, आवाज घोगरा, चष्मा केसांत खोचलेला आणि तोच त्या टेबलावर शोधत होत्या. खिडकीताईने खुणेने दाखवला तेव्हा हसल्या. पण सदरा काढून पाठ दाखवायला सांगितली तेव्हा तिने बटणं काढायला एवढा वेळ लावला की शेवटी आईच पुढे झाली. दिवसाच्या लख्ख उजेडात एका परक्या माणसासमोर तिची पाठ उघडी पडली. डॉक्टरबाईंची बोटं गार होती. ती मानेपासून एकेका मणक्यावरून खाली उतरत गेली, कमरेशी थांबली, दोन्ही बाजूंना खुब्याची हाडं चाचपली, पुन्हा वर आली.

"झोपवून करता येईल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुमची छाती पिळामुळे आखडलेली आहे आणि खालून बाळ दाबतंय. श्वासाची मला काळजी वाटते. पाठीतून भूल दिली तर तुम्ही आपल्या आपण श्वास घेत राहाल. मला तेच बरं वाटतं."

"नको," खिडकीताई म्हणाली. "काहीही करा. ते नको."

"कशाची भीती वाटते? दुखण्याची?"

बोलली ती आई. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एका दमात बाहेर पडलं. ताप, मुटकुळं, हाडावर लागलेली सुई, झग्याची वर राहिलेली बाजू. "मीच धरून ठेवलं होतं हिला," आई म्हणाली. "माझ्या या हातांनी. चांगली सरळ पोर होती माझी. त्या सुईने नासवली."

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसल्या, लेकीच्या नव्हे.

"आजी, सुईने कणा वाकत नाही."

आई मान हलवायला लागली.

"ऐका तर. आपल्याला वाटतं मज्जारज्जू पार माकडहाडापर्यंत जातो. तसा तो जात नाही. बरगड्या संपतात, त्याच्या थोडा खाली संपतो. तिथून खाली पाण्याची पिशवी असते आणि त्या पाण्यात नसांचे नुसते धागे लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारखे. सुई आम्ही त्याच्याही खाली घालतो. धाग्यांना सुई लागली तर ते बहुतेक बाजूला सरकतात, पाण्यातल्या शेवाळासारखे. हिच्या वेळी हाडाला लागली ना? हाडाला लागून परत आली. हाडावर ओरखडा उठला असेल, तो भरून गेला. ही पाठ अशी वाढीच्या वयात होते, मुलींमध्ये जास्त. का होते, ते आम्हालाही नीट माहीत नाही. जिच्या पाठीला कधी कोणी बोट लावलं नाही तिचीही होते. सुई घेतली नसती तरी ही अशीच झाली असती."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसेना. उलट रंग उडत गेला. मग तिने हळू विचारलं, "मग तेव्हा दाखवलं असतं, अकराव्या वर्षी, तर काही करता आलं असतं?"

डॉक्टरबाईंना खोटं बोलणं सोपं होतं. "कण्याला आधार द्यायला पट्टा देतात त्या वयात. काहींचा बाक वाढायचा थांबतो. हिचा थांबला असता की नाही, कोण सांगणार?"

"आम्ही कुठे दाखवलंच नाही," आई म्हणाली. "पुन्हा सुई घालतील म्हणून."

घरी जाताना दोघी बसमध्ये शेजारी बसल्या. खिडकीताईला राग आला होता, आणि कोणाचा ते तिला कळत नव्हतं. पंचवीसेक वर्षं जिच्यावर सगळा दोष टाकला ती सुई हातातून निसटली होती आणि तिच्या जागी दुसरंच काही आलं होतं. सुईने काही केलं नव्हतं. सुईच्या भीतीने केलं होतं. आईच्या भीतीने. आणि आता ती स्वतः, पोटात पोर घेऊन, मागच्या मंगळवारी खिडकीत दडून बसली होती.

उतरायच्या आधी ती एवढंच म्हणाली, "आई, तू ऑपरेशनच्या दिवशी येऊ नकोस."

आईने मान डोलावली. आणि त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेली होती.

भीती कमी झाली होती असं कोणी समजू नये. बुद्धीला पटलं होतं, अंगाला पटलं नव्हतं. ऑपरेशनच्या खोलीत तिला टेबलाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले, मांडीवर उशी दिली. समोर एक सिस्टर उभी राहिली, तिने खांदे धरले आणि म्हणाली, "माझ्यावर रेला. मांजरासारखी पाठ बाहेर काढा." खिडकीताईचे दात वाजत होते. पोटामुळे वाकता येत नव्हतं. आतलं मूलही आईची घाबरगुंडी कळल्यासारखं लाथा मारत होतं.

"आम्ही इथे खोलीत गारवा जरा जास्तच ठेवतो," सिस्टर म्हणाली.

"गारव्याने नाही हो," खिडकीताई म्हणाली. "माझी फाटलीय."

सिस्टरला हसू फुटलं, मागे डॉक्टरबाईही हसल्या, आणि तेवढ्या हसण्यात पाठीवर गार जेली पडली. पोटावर फिरवतात तसलंच यंत्र आता पाठीवर फिरत होतं.

"मी काय करते ते सांगत राहू की गप्प राहू?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सांगत राहा. गप्प राहिलात तर मी मरेन."

"बरं. तुमचे मणके नुसते वाकलेले नाहीत, पिळलेले आहेत. पाठीवर जी टोकं बोटाला लागतात ती उजवीकडे वळली आहेत, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवून सुई घातली की ती हाडावरच जाणार. मधल्या फटी उजवीकडे मिटल्यात, डावीकडे उघड्या आहेत. तर मी डावीकडून येणार आहे. आता चावा बसेल, ती बधिर करायची सुई. हलू नका."

चावा बसला. मग आग. मग बोथट दाब, कोणी अंगठ्याने रेटावं तसा.

"आता खरी सुई. कातडी झाली. चरबी. आता स्नायूंतून चाललेय. पुढे एक चिवट पिवळी पट्टी आहे, ती ओलांडली की..."

ठक्.

तो आवाज बाहेर कोणाला आला नसेल. तिला आला. हाडावर लागली होती. सात वर्षांची पोर तिच्या आतून किंचाळली आणि तिच्या तोंडातून मात्र हवाच बाहेर आली. तिने सिस्टरच्या दंडात नखं रुतवली. उठून पळावं, पोट धरून, उघड्या पाठीनिशी रस्त्यावर पळत सुटावं, असं तिच्या पायांना वाटत होतं.

"हाडावर लागली," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "लागणारच होती. हाड मला सांगतं मी कुठे आहे ते. थोडी मागे घेते, जरा वर रोख धरते."

पुन्हा दाब. आणि एकाएकी डाव्या पायातून, नितंबापासून अंगठ्यापर्यंत, विजेचा झटका गेला. पाय आपोआप उडाला.

"पाय!" ती ओरडली. "माझा पाय!"

सुई जागच्या जागी थांबली. "कुठला? पटकन सांगा. डावा की उजवा?"

"डावा. डावा."

"अजून येतोय?"

"नाही. गेला."

"छान. धाग्याला धक्का लागला, बाकी काही नाही. म्हणजे मी डावीकडे जास्त आहे. मागे घेतली. आता तुम्ही मला मदत करायची. मला आतलं दिसत नाही, तुम्हाला जाणवतं. दाब कुठल्या बाजूला वाटतो ते बोलत राहा."

खिडकीताईला वाटलं होतं, आपल्या पाठीत काय चाललंय त्यात आपण फक्त सोसायचं असतं. ती डोळे मिटून त्या दाबावर सगळं लक्ष एकवटून बसली. भीती होतीच. पण आता तिच्याकडे काम होतं.

"डावीकडे," ती म्हणाली. "अजून डावीकडेच. आता थोडी आत. आता... मधे. मधेच वाटतंय."

मागे कोणी बोललं नाही. तो एक क्षण तिला सगळ्यात लांब वाटला. मग आत काहीतरी हलकेच फुटल्यासारखं झालं, दुखलं नाही, आणि डॉक्टरबाईंनी सोडलेला श्वास तिला पाठीवर जाणवला.

"पाणी आलं. स्वच्छ आहे. औषध सोडते."

बसायच्या जागी ऊब पसरली, कोमट पाण्यात बसल्यासारखी. तिला झटपट आडवं केलं. पाय जड झाले, मग परके झाले. सिस्टरने पाय उचलून नीट ठेवला तो तिने बघितला, पण तो आपला आहे हे तिला पटेना. डॉक्टरबाई ओला गार बोळा पोटावरून फिरवत विचारत होत्या, "गार लागतंय?"

"उजवीकडे नाही. डावीकडे लागतंय."

"औषध पिळाच्या एका बाजूला साचलंय," म्हणत त्यांनी टेबल डावीकडे कलतं केलं. "थांबू. घाई नाही."

थांबले सगळे. मग गार लागायचं बंद झालं आणि नवीच भीती आली. छातीवर कोणीतरी बसलंय. श्वास येतोय की नाही तेच समजेना. "श्वास," ती म्हणाली. "मला श्वास येत नाहीये."

डॉक्टरबाई डोक्याशी वाकल्या. "बोलताय म्हणजे येतोय. छाती हलल्याचं जाणवत नाही, म्हणून तसं वाटतं. माझा हात दाबा. जोरात. शाब्बास, मोडाल माझी बोटं. आता हे कसे भेटले तुम्हाला, ते सांगा."

"कोण हे?"

"तुमचे हो. लाँचवाले."

तिने सांगायला सुरुवात केली. खिडकी, मागचं दार, वाकडं बूड. पडद्यापलीकडे तिच्या अंगाशी ओढाताण चालली होती, कोणी गाठोडं सोडावं तशी. बूड वाकडं असूनही बुडाली नाही, इथवर ती आली आणि पडद्यामागून मांजराचं पिल्लू ओरडावं तसा आवाज आला.

मुलगी होती. पाय आधी, डोकं शेवटी, आणि आल्या आल्या खोली डोक्यावर घेतलेली. तिला कपड्यात गुंडाळून आईच्या गालाशी आणलं. खिडकीताईने पहिलं काय विचारलं असेल? "हिची पाठ कशी आहे?"

पण तिची परीक्षा अजून संपली नव्हती. दुपारी तिला वॉर्डात आणलं. आई शेजारी बसली होती, न बोलावता. मिस्त्री लेकीला असा धरून उभा होता, जसा काही हातात तापलेला पाइप आहे आणि खाली ठेवायची सोय नाही. चार वाजले, साडेचार. उजवा पाय परत आला. आधी मुंग्या, मग गुडघा, मग बोटं. डावा पाय येईना. झटका त्याच पायाला बसला होता.

तिने कोणाला सांगितलं नाही. पांघरुणाखाली ती त्या पायाला हुकूम सोडत होती, हल, हल म्हणून, आणि तो लाकडासारखा पडून होता. झालं, गेला पाय. डॉक्टर म्हणतात तसं सगळं असतं तर मग हे काय आहे? आता खिडकीत कुबडीवर. आता ही पोर कडेवर कशी घ्यायची?

आईच्या ध्यानात आलं. आईला कळतंच. ती उठून पायथ्याशी गेली, पांघरूण वर केलं आणि डावं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"हात लावलेला कळतोय का गं?"

"नाही."

आईने पाऊल सोडलं नाही. पाऊल धरूनच ती मोठ्याने म्हणाली, "सिस्टर! डॉक्टरबाईंना बोलवा. आत्ताच्या आत्ता." जी बाई आयुष्यभर डॉक्टरच्या दारावरून खाली मान घालून गेली, तिचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला.

डॉक्टरबाई आल्या. घोटा वाकवायला सांगितला, तळव्याला टोचून बघितलं, मांडी दाबून बघितली. "वर संवेदना यायला लागलीय. गुडघ्यापर्यंत उतरलीय. या बाजूला औषध उशिरा पोचलं, तर निघणारही उशिरा. मी तासाभराने परत येते. तोवर आलं नाही तर पुढचं बघू, मी घरी जात नाहीये."

तो तास कसा गेला ते त्या दोघींनाच माहीत. आईने पाऊल मांडीवर घेतलं होतं. काही वेळाने ती बोलायला लागली, लेकीकडे न बघता, पावलाकडे बघत. "तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. धरलं होतं तेव्हा. सोडव म्हणून. मला वाटायचं, त्याचीच शिक्षा मिळाली. एकदा मिळाली ती बास, पुन्हा कुठे न्यायचं नाही असं ठरवलं."

"आई, राहू दे."

"राहू कसं दे? चुकलंच माझं."

खिडकीताईला माफ केलं म्हणावंसं वाटलं आणि म्हणवलं नाही. राग होता तिथेच होता. पण आईचे हात ऊबदार असतील, असं तिला वाटलं. आणि मग ध्यानात आलं, की नुसतं वाटत नाहीये. ऊब लागतेय. टाचेपाशी.

"आई," ती म्हणाली. "जरा चिमटा काढ."

आईने असा चिमटा काढला की खिडकीताई केकाटली, पाय झाडला गेला, मिस्त्रीच्या हातातली पोर दचकून रडायला लागली आणि शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आई एकीकडे हसत होती आणि एकीकडे पदराने नव्हे, लेकीच्या पांघरुणानेच डोळे पुसत होती.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरबाई भेटायला आल्या तेव्हा आईने नातीला पुढे केलं. "हिची पाठ बघा."

त्यांनी मुलीला तळहातावर पालथं घेतलं, कण्यावरून बोट फिरवलं. "आता काही सांगता येत नाही. आठ-नऊ वर्षांची झाली की अधूनमधून पुढे वाकवून मागून बघत जा. एक बाजू वर दिसली तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे."

खिडकीताई पुन्हा धक्क्यावर बसायला लागली. धाडसी वगैरे झाली नाही. सुईचं नाव काढलं की आजही तिच्या हाताला घाम सुटतो. मुलीला ती वाकवून बघायची, आंघोळीनंतर, डोळ्यांत तेल घालून. मुलगी खिदळायची, "आई, गुदगुल्या होतात." दहाव्या वर्षी एका सकाळी उजवी बाजू वर दिसली. अगदी थोडी. मिस्त्री म्हणाला, मला तर सरळच दिसतेय. आजीने चष्मा लावून बघितलं आणि चपला पायात सरकवल्या.

त्या तिघी त्याच दिवशी गेल्या. पाठीचे एक्स-रे फोटो काढले, पट्टा बांधला. मुलीने तो पट्टा भिंतीवर फेकून मारला, रडली, आईशी अनेक दिवस बोलली नाही, आणि शेवटी बांधू लागली. दर सहा महिन्यांनी फोटो निघतो. तेव्हा बाहेरच्या बाकावर आई आणि आजी शेजारी शेजारी बसतात, दोघींची तोंडं पांढरीफटक. आत मुलगी एकटी उभी असते, श्वास रोखून. बाहेर या दोघींचाही श्वास रोखलेला असतो. गेल्या वेळी डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी लावून बघितले आणि म्हणाले, "वाढलेलं नाही. पुढचे सहा महिने असंच चालू ठेवा."

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, आता पोहायला जाताना पट्टा काढला तर चालेल का. आजी म्हणाली, डॉक्टरांनाच विचारू, आणि तिघी पुन्हा आत गेल्या.